सासूबाई, सहा ठिकाणांची यादी आणि एक कप चहा

ताई, नमस्कार.
आम्ही सहकारनगरला राहतो. मुलगा पाचवीत आहे. त्याला शाळेतून 'आपल्या शहरातली जुनी वास्तू' असा प्रकल्प आलाय. वर्गातली निम्मी मुलं शनिवारवाडा करणार, म्हणून याने बाईंना परस्पर सांगून टाकलं, मी कॅथेड्रल करणार. शब्द कुठून उचलला देव जाणे. मला मात्र कल्पना आवडली. बसून यादी केली: सेंट पॅट्रिक्स, सेंट मेरीज, सेंट पॉल्स, क्वार्टर गेटचं सिटी चर्च, पंचहौद, आणि वेळ उरला तर कॅम्पातलं लाल देऊळ. रविवारी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत सगळं उरकेल असं गणित बसवलंय. पण घरात उत्साह फक्त मला आणि त्याला. नवरा म्हणतो, "चर्च काय, गोव्यात बघितलीत की." मुलगी नववीत, हार्मोनियमचा क्लास आणि मोबाइल सोडून तिला कशात रस नाही. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी घर बघते. आपल्याला काय करायचंय तिथे? आणि तिथलं काही खाऊपिऊ नका." मला वाद नको आहे, पण सगळ्यांनी मिळून जावं असं मनापासून वाटतं. कसं जमवू? आणि तिथे वागायचं कसं, तेही सांगा.
– एक सून, सहकारनगर

सहकारनगरच्या ताई,

तुमची यादी वाचूनच मला दम लागला. सहा ठिकाणं एका दिवसात म्हणजे अष्टविनायकाची बस झाली हो. तिसऱ्या दारात मुलगा "अजून किती?" विचारणार, चौथ्याला मुलगी गाडीतून उतरायलाच तयार नसणार, आणि पाचव्याला तुम्ही स्वतः बाहेरच्या कट्ट्यावर बसून पाणी पीत असणार. घरी आल्यावर कुठलं कुठे होतं हे कुणालाही सांगता यायचं नाही. यादीची घडी घाला, वहीत ठेवा, आणि एकच ठिकाण निवडा.

कुठलं ते सांगते, पण आधी तुमच्या चिरंजीवांच्या शब्दाबद्दल. मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ज्या चर्चमध्ये बिशपची, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाची, अधिकृत खुर्ची असते ते कॅथेड्रल. त्या खुर्चीचं मूळ नाव 'कॅथेड्रा', त्यावरून हे आलं. आपल्याकडे मठ गावोगाव असतात, पण गादी जिथे असते तिथला मान वेगळा, तसंच हे. त्यामुळे आकाराने लहान चर्चही कॅथेड्रल असू शकतं आणि कितीही भव्य चर्च नुसतं चर्चच राहू शकतं. या हिशेबाने तुमच्या यादीत कॅथेड्रल दोनच. एक सेंट पॅट्रिक्स, एम्प्रेस गार्डनजवळचं, पुण्याच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताचं. दुसरं पंचहौदचं, 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या प्रोटेस्टंट पंथाच्या पुणे धर्मप्रांताचं. बाकीची तीन चर्च सुंदर आहेत, जुनी आहेत, पण कॅथेड्रल नाहीत. आणि लाल देऊळ तर चर्चच नाही, ते ज्यूंचं प्रार्थनामंदिर. डेव्हिड ससून यांनी उभारलेलं, १८६७ सालचं. मुलाने बाईंना कॅथेड्रल सांगितलंय, तर प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हा फरक लिहायला लावा. निम्मे गुण तिथेच.

आता या दोनांतलं कुठलं? मी पंचहौद म्हणेन. आणि त्याचं कारण वास्तूपेक्षा तुमच्या सासूबाई आहेत.

गुरुवार पेठेतलं हे चर्च १८८५ सालचं. आपली मंडईची इमारतही त्याच दशकातली. इंग्रजी नाव 'चर्च ऑफ द होली नेम', पण मराठी नाव ऐका: 'पवित्र नाम देवालय'. देवालय! परिसरातली जुनी माणसं बोलताना सरळ 'देऊळ' म्हणतात. "उद्या देवळात येणार ना?" असं एखाद्या ख्रिस्ती आजींच्या तोंडून ऐकलं की क्षणभर आपण गोंधळतो. ही मंडळी मराठीच बोलतात, मराठीतच प्रार्थना करतात, मराठीतच भजनं गातात. ज्या पेठेत हे देवालय आहे तिचं जुनं नाव वेताळ पेठ. म्हणजे वेताळाच्या पेठेत येशूचं देवालय, पुणेरी पत्त्यावर. गोव्याच्या चर्चशी याची तुलना करणाऱ्या तुमच्या यजमानांना एवढं एक सांगा.

सासूबाईंनी लहानपणी शाळेत ती घायाळ पक्षिणीची कविता पाठ केली असेल. बाण लागलेली, पडत-उठत पिलांकडे उडू पाहणारी. विचारून बघा, अजून म्हणून दाखवतील. ती कविता ना. वा. टिळकांची, म्हणजे रेव्हरंड टिळकांची. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं गातात. तुकोबांच्या वळणाचे शब्द, समोर क्रूस. सासूबाईंना 'चर्च बघायला चला' म्हणू नका. 'तुमच्या त्या कवितेच्या टिळकांची भजनं जिथे म्हणतात तिथे जाऊ या' म्हणा.

'आपल्याला काय करायचंय तिथे' याचा अर्थ धर्माचाच असतो असंही धरून चालू नका. माझ्या अनुभवात, शहात्तरीची बाई घराबाहेर पडायला नाही म्हणते तेव्हा तिच्या मनात दोन प्रश्न असतात आणि दोन्ही ती मुलासमोर विचारत नाही. बसायला मिळेल का? आणि बाथरूम आहे का? माझी आई पर्वती नको, सिंहगड नको, अमक्याचं लग्न नको करत करत शेवटची सहा वर्षं घरात बसली. देवभोळेपणा, हेकेखोरपणा, काय काय नावं आम्ही ठेवली. कारण गुडघे होते.

आणि गुडघ्यांच्या बाबतीत चर्चसारखी सोयीची जुनी वास्तू नाही. किल्ल्यावर चढायचं, लेण्यांत चढायचं, देवळात खाली मांडी घालून बसायचं. चर्चमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंना पाठ टेकायला लाकडी बाकं. तासभर बसा, कुणी उठवत नाही, कुणी 'पुढे चला' म्हणत नाही. सासूबाईंना मधल्या रांगेतल्या बाकावर बसवा आणि दहा मिनिटं त्यांच्याशी काहीच बोलू नका. उंच छताखाली एक प्रकारचा गारवा असतो, रस्त्यावरचा हॉर्न आत येईपर्यंत मऊ होतो. बाथरूमचं मात्र आधी फोनवर विचारून ठेवा. संकोचू नका, त्यांच्याकडेही आज्या आहेत.

हा फोन यजमानांना करायला सांगा. ज्याला उत्साह नाही त्याला काम द्यावं, हा माझा जुना नियम आहे. चर्चच्या कार्यालयात फोन करायचा, सांगायचं की आम्ही घरची पाच माणसं आहोत, मुलाचा शाळेचा प्रकल्प आहे, कोणत्या दिवशी आणि किती वाजता आलेलं चालेल, आत फोटो काढू देता का, कुणी दहा मिनिटं माहिती सांगू शकेल का. न विचारता गेलात तर दाराला कुलूप असू शकतं. हे तिकिटाचं संग्रहालय नव्हे, प्रार्थना नसते तेव्हा लोक दार लावून आपापल्या कामाला जातात. विचारून गेलात की तुम्ही पर्यटक राहत नाही, पाहुणे होता. पाहुण्यांना लोक कपाटातलं काढून दाखवतात.

रविवार टाळा. तुम्हाला सुट्टी असते म्हणून रविवार ठरवलात, कळतं. पण तो त्यांचा उपासनेचा दिवस. संकष्टीच्या संध्याकाळी दगडूशेठला कुणी कमानी मोजायला येतं का? शनिवारी सकाळी जा. भजनं ऐकायचीच असतील तर रविवारीही चालेल, पण मग बघायला नाही, बसायला जायचं. शेवटच्या बाकावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फोटो न काढता. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही. आणि एक महत्त्वाचं: उपासनेच्या शेवटाकडे लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि त्यांना भाकर आणि द्राक्षारस देतात. तो आपल्या अर्थाने प्रसाद नाही. तो त्यांचा संस्कार आहे आणि बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच आहे. रांग दिसली की हात पुढे करायची आपल्याला सवय असते, म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा. आपण आपल्या जागी बसून राहायचं, त्यात कुणाचा अपमान नाही.

बाकी वागण्याचं फार अवघड नाही. चपला बहुतेक ठिकाणी काढत नाहीत, पण दारात बाहेर जोडे दिसले तर काढा. पुरुषांनी टोपी काढायची. बायकांनी कुंकू लावून, डोक्यात गजरा माळून गेलं तर काहीही बिघडत नाही. सासूबाईंनी हात जोडले तर छानच. नारळ, उदबत्ती, हार मात्र नेऊ नका. काही द्यावंसं वाटलं तर दानपेटी असते. वेदीच्या आधी एखादी पायरी किंवा कठडा असतो, त्यापलीकडे बोलावल्याशिवाय जायचं नाही. तो गाभारा समजा. बाकांच्या खाली पुढच्या बाजूला एक आडवी, बुटकी फळी असते, कधी तिच्यावर रेक्झिनची गादी असते. मुलं हमखास तिच्यावर बूट ठेवून झुलतात. ती गुडघे टेकण्यासाठी आहे. एवढी एक फळी मुलाला आधी समजावलीत तरी तिथल्या माणसांच्या मनात तुमच्या घराबद्दल चांगलं मत होईल.

हे सगळं इतकं ठासून सांगतेय कारण माझी स्वतःची फजिती झालेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी बडोद्याच्या नणंदेचं कुटुंब आलं होतं. मोठा लवाजमा घेऊन मी एका चर्चला गेले, अर्थात न विचारता. दार सताड उघडं, आत फुलं, दिवे, मधल्या वाटेवर पांढरी पायघडी. मला वाटलं, काय सुरेख ठेवलंय! आम्ही अकरा माणसं त्या पायघडीवरून मधोमध चालत निघालो. निम्म्या वाटेत मागून पेटी-व्हायोलिन सुरू झालं. वळून पाहते तो दारात नवरी, वडिलांच्या हाताला धरून. आमच्या नणंदेने तिला तिथूनच नमस्कार केला. आम्ही बाकांमधून आडवेतिडवे कसेबसे बाहेर पडलो. नवरीच्या वडिलांनी पुन्हा आत बोलावून मागे बसवलं, हा त्यांचा मोठेपणा. त्या लग्नाच्या फोटोत एका कोपऱ्यात माझी मोरपंखी साडी अजून असणार.

तर फोन.

आता मुलीचं. तिला 'वारसा', 'वास्तुकला' असले शब्द ऐकवू नका. पंचहौदच्या आवारात एक उंच मनोरा आहे. ते घंटाघर. त्यात एक घंटा नाही, आठ आहेत, लहानमोठ्या. आठच का, हे तिला विचारा. हार्मोनियम शिकते ना? सा रे ग म प ध नि, आणि वरचा सा. मोजा. इंग्रजी पद्धतीच्या घंटांचा आठाचा संच असा सुरात लावलेला असतो. मोठी घंटा म्हणजे खालचा षड्ज, सगळ्यात लहान म्हणजे तार षड्ज. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. फरक एवढाच की पेटीवर बोट ठेवलं की स्वर तत्काळ येतो, आणि इथे दोर ओढल्यावर काही मण धातू हलवावा लागतो. त्यामुळे घंटांवर आपल्यासारखी गाणी वाजवण्याऐवजी त्या आठांचे क्रम बदलत बदलत वाजवण्याची एक वेगळीच विद्या इंग्रजांनी काढली. आठ वस्तूंचे क्रम किती होतात? चाळीस हजार तीनशे वीस. गणित आवडत असेल तर तिला स्वतःला काढू द्या. मनोऱ्यात वर जायला मिळेल असं धरून चालू नका, खालून बघण्यातही मजा आहे. मान मागे टाकून ती मनोऱ्याकडे बघत असेल तेव्हा मोबाइल खिशात असेल, हा माझा अंदाज.

मुलाला मात्र प्रश्नपत्रिका नको, शोधाशोध हवी. जुन्या चर्चच्या भिंतींवर कोरीव पाट्या असतात, कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ. सगळ्यात जुनं साल कुठलं सापडतं? रोमन आकड्यांत लिहिलेलं काही आहे का? मराठीत कोरलेलं काय आहे, आणि त्यातलं कुठलं अक्षर आज आपण वेगळं लिहितो? पुढच्या बाजूला एक पाटी असते, तिच्यावर नुसते आकडे लावलेले. ते आकडे कशाचे, हे त्याने तिथल्याच कुणाला तरी विचारून यायचं. (त्या दिवशी म्हणायच्या गीतांचे क्रमांक असतात, पण तुम्ही सांगू नका.) पाचवीतल्या मुलाने अनोळखी काकांना धीटपणे एक प्रश्न विचारला, हे त्या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम.

त्याच्या प्रकल्पाला धागाही देते. पाणी. परिसराचं नावच बघा, पंचहौद, म्हणजे पाच हौद. नळ येण्यापूर्वीचं पुणं हौदांवर जगत होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळांनी पाणी शहरात आणलं आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडलं. हौद म्हणजे गावाचं पाणी, आणि त्याबरोबरच कुणी भरायचं, कुणी लांब उभं राहायचं, याचा रोजचा पाढा. आता देवालयातून निघून रिक्षाने गंज पेठेत जा, जवळच आहे. तिथे महात्मा फुल्यांचा वाडा आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तो इथला. एका सकाळी दोन पत्ते, आणि दोन्हींच्या गोष्टीत हौद. वाड्याचं आवार शांत आहे. सासूबाईंना तिथेही टेकायला जागा मिळेल. याहून तिसरं ठिकाण त्या दिवशी जोडू नका. मी ओळखते तुम्हाला, यादी अजून पर्समध्ये असेल.

जायचं कसं? गाडी नेऊ नका. गुरुवार पेठेच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधण्यात यजमानांचा जेमतेम जमलेला मूड जाईल. तुम्ही सहकारनगरचे, स्वारगेट हाताशी आहे. स्वारगेटहून मेट्रोने एकच स्थानक, मंडई. सगळी जमिनीखालून. मुलाला तेवढंच पुरेल, आणि लिफ्ट असल्यामुळे सासूबाईंना जिने नाहीत. वर आलात की रिक्षा. नऊच्या सुमारास निघा, साडेबाराला मंडईत परत. तिथे मिसळ खा, थालीपीठ खा, नाहीतर घरचा डबा फुल्यांच्या वाड्यानंतर उघडा. जेवणाचं फार ठरवू नका, पुण्यात शनिवारी दुपारी उपाशी राहणं अवघड आहे.

सेंट पॅट्रिक्सचं वाईट वाटून घेऊ नका. तेही कधीतरी करा, वेगळ्या प्रकारे. ते १८५० च्या सुमाराचं, इंग्रजांच्या फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेलं. पॅट्रिक हे नावच आयर्लंडच्या संताचं. इंग्रजांच्या पलटणीतले सगळे इंग्रज नव्हते, आणि सगळे एका चर्चमध्ये जातही नव्हते, हे तिथे गेलं की कळतं. प्रोटेस्टंट इंग्रजांसाठी १८२५ चं सेंट मेरीज वेगळं, कॅथलिक आयरिशांसाठी हे वेगळं. तिथे दारापाशी पवित्र पाण्याचं लहानसं पात्र असतं, येणारे त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. मुलाला सांगा, हात धुवायचं ते नव्हे. जवळच एम्प्रेस गार्डन आहे. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. सकाळी अर्धा तास कॅथेड्रल, मग बागेत सतरंजी पसरून डबे, असा तो दिवस.

आणि क्वार्टर गेटच्या सिटी चर्चबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवा, रात्रीच्या जेवणाला सहज टाकायला. त्या चर्चसाठी जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आपल्याच फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. 'पेशव्यांनी दिली' म्हटल्यावर सासूबाई पुढचा प्रश्न स्वतः विचारतील.

नाताळात जाऊ नका असं नाही म्हणत, पण पंचवीस तारखेच्या आसपास फार गर्दी असते. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गव्हाणीची तयारी चाललेली असते, गवत, मेंढरं, एखादा तारा तारेला टांगलेला. आपल्याकडे गणपतीआधी मखराचं चाललेलं असतं तसं. ते बघायला मजा येते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र सहल म्हणून जाऊ नका. तो त्यांच्या दुःखाचा दिवस.

राहता राहिला 'तिथलं काही खाऊपिऊ नका'चा प्रश्न. ताई, या एका वाक्यासाठी मी पंचहौद निवडलं.

ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणखीही बरेच. व्याख्यानानंतर समोर चहा आला, बिस्किटं आली. आता पाहा, कसं झालं असेल. पाद्री हसून कप पुढे करतायत. नको म्हणावं तर उद्धटपणा, घ्यावा तर उद्या पेठेत काय तोंड दाखवायचं? कुणी प्यायले, कुणी तोंडाला लावल्यासारखं केलं, कुणी नुसता हातात धरून खाली ठेवला. यात गोपाळराव जोशी होते, आनंदीबाई जोशींचे यजमान, मोठे खोडकर गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं. सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेलं, चौकशी नेमली, प्रायश्चित्त कुणी घ्यायचं, किती घ्यायचं यावर दोन वर्षं पुणं पेटलेलं होतं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी घेतलं, तर त्यांच्यावर सुधारकच रुसले. घ्यावं तर हे नाराज, न घ्यावं तर ते. चहाच्या कपापायी एवढं रामायण, आणि तेही त्या काळच्या सगळ्यात हुशार माणसांमध्ये.

ही गोष्ट सासूबाईंना आधी सांगू नका, टोमणा वाटेल. तिथल्या बाकावर बसल्यावर सांगा, सावकाश, नावांसकट. टिळकांनी कप हातात घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय भाव असतील हे मुलाला करून दाखवायला सांगा. त्या हसतील. माझ्या आईला मी ही गोष्ट सांगितली होती, तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "बिस्किटं कुठली होती गं?"

आणि चर्चमधल्या कुणी म्हटलंच, बसा, चहा टाकतो, तर यजमानांना घाई करू देऊ नका. सासूबाईंकडे बघूही नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या. त्यांना साखर चालत नसेल तर तेवढं मात्र आधी सांगून ठेवा.